फॉर्ममधला किलोमीटरचा रकाना

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार. वाकून केला आहे असं समज. आजकाल वाकलो की कंबर तिथेच अडकते, म्हणून खुर्चीत बसूनच उरकला. तुझी तब्येत कशी आहे? उजवा गुडघा फार त्रास देत नाही ना? (गुडघ्याचं मला कसं कळलं ते विचारू नकोस. कळलं.) रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतोस ना? वहिनी गेल्यापासून घरात तू एकटा, आठवण करायला कोणी नाही, म्हणून आपलं विचारलं. वरच्या मजल्यावरचा पलंग खाली आणलास ते उत्तम केलंस. (हेही विचारू नकोस.) आमच्याकडे सगळं क्षेम आहे. तुझी भावजय बरी आहे, निदान तसं दाखवते आहे. चष्म्याचं दुकान चालू आहे. लोकांना दिसेनासं होत राहतं आणि आपली चूल पेटत राहते.

दोन वर्षं आपलं बोलणं नाही आणि एकदम हे पाकीट बघून तुझ्या छातीत धस्स झालं असेल, की गेलं की काय कोणी. कोणी गेलेलं नाही. पत्राचं कारण अगदी कोरडं, कामाचं आहे. माझ्या गाडीचा विमा संपतो आहे. शुक्रवारपर्यंत एक फॉर्म भरून द्यायचा आहे आणि त्यातला एक रकाना काही केल्या मला भरता येत नाही. तू एकतीस वर्षं विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्यांची पाहणी करत हिंडलास; तुला नाही विचारायचं तर काय समोरच्या न्हाव्याला विचारायचं? (त्यालाही विचारलं. तो म्हणाला, गाडी विकून टाका.) बाकी माझ्या मनात काही नाही. भांडण जिथे होतं तिथेच आहे, मी त्याला हात लावत नाही.

तर प्रकार असा. गाडी तुला आठवत असेल. तीच, फिकट निळी, चार माणसांची म्हणून विकलेली आणि अडीच माणसं मावणारी. (आठवत असणारच. तिचा पुढचा डावा कोपरा तू स्वतःच्या टेपने मोजला आहेस.) आमचं दुकान खाली आणि घर वर. कामावर जायला मला चौदा पायऱ्या उतराव्या लागतात. म्हणजे गाडीची मला गरज काय, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि विमावाल्याने नेमका तोच विचारला. हा विमावाला म्हणजे तुमच्या काळातल्यासारखा घाम पुसत येणारा नव्हे, इस्त्रीचा शर्ट आणि हातात काचेची पाटी. दर दोन वाक्यांनी म्हणतो, काका, टेन्शन घेऊ नका. तो हे म्हणेपर्यंत मला टेन्शन नसतं. त्याने खाली उतरून गाडीचा मीटर वाचला, मागच्या वर्षीच्या कागदाशी ताडून पाहिला आणि तोंडात बोट घातलं. वर्षभरात अकराशे ऐंशी किलोमीटर! रोज शंभर किलोमीटर पळणारा माणूस जेवढा हप्ता भरतो तेवढाच तुम्हीही भरता काका, म्हणजे दुसऱ्यांच्या धडकांचे पैसे तुम्ही देता. हे मला फार लागलं. स्वतःच्या धडकेचं एक वेळ माणूस सोसतो.

त्याच्याकडे नवीन योजना आहे. जितकी गाडी चालवाल तितकाच विमा. वर्षाला पंधराशे किलोमीटर, अडीच हजार किंवा पाच हजार, यातलं एक आधीच निवडायचं. पंधराशेचा हप्ता आजच्या निम्म्याच्या आसपास येतो. संपले तर आणखी विकत घ्यायचे, आणि तोवर गाडी दारात उभी. (समजा, दवाखान्यात जाताना अर्ध्या वाटेत संपले तर? मी विचारलं. तो म्हणाला, टेन्शन घेऊ नका. मी त्या रात्री जेवलो नाही.) यासाठी गाडीत स्टिअरिंगच्या खाली एक डबी बसवतात. चुन्याच्या डबीएवढीच आहे, पण तिला सगळं कळतं: किती चाललात, किती जोरात, ब्रेक कसा मारलात, कुठे थांबलात, किती वेळ थांबलात. ती हे सगळं मोबाइलवर पाठवते आणि गाडी हाकण्याला शंभरपैकी मार्क देते. मार्क चांगले पडले तर हप्ता आणखी कमी. आवडलं तर घ्या, नाही तर परत करा, म्हणून महिनाभर फुकट बसवून दिली. आता माझा फोन बटणांचा, त्यात ही कला नाही. विमावाल्याने विचारलं, घरात दुसरा फोन कोणाचा? आणि मी, अक्कल गहाण ठेवलेला माणूस, तुझ्या भावजयीचा नंबर देऊन बसलो.

पहिल्याच आठवड्यात मला एकसष्ट मार्क पडले. कारण मांजर. दुकानासमोरच्या वळणावर ते आडवं आलं, मी ब्रेक मारला, मांजर जिवंत राहिलं आणि माझे अकरा मार्क गेले. मी विमावाल्याला फोन करून म्हटलं, अरे, तुमच्या डबीला मांजर दिसत नाही का? तो म्हणाला, नाही काका, तिला फक्त ब्रेक कळतो. म्हणजे ठोकलं असतं तर मार्क वाचले असते! हे तुमच्या कंपनीच्या नियमात बसतं का, ते कळव. तेव्हापासून मी इतका जपून चालवायला लागलो की एका उताराला केळ्यांची हातगाडी माझ्या पुढे निघून गेली, आणि गाडीवाल्याने वळून, काका, ढकलू का, असं विचारलं. मागे पाच-सहा जण हॉर्नवर हात ठेवूनच होते. पण त्या आठवड्यात मला त्र्याण्णव मार्क पडले. दादा, शाळेत मला कधी त्र्याण्णव पडले नव्हते, खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. तुझी भावजय म्हणाली, एवढ्या वेळात चालत जाऊन आला असतात.

मग मनात किडा वळवळू लागला. गाडी बंद असताना ही बया गप्प असते की तेव्हाही ऐकत असते? खात्री करावी म्हणून मी दुपारी दुकान लावून घेऊन, इंजिन बंद ठेवून, दारातल्या उभ्या गाडीत तासभर नुसता बसलो. हललोसुद्धा नाही. शेजारच्या शिंप्याने दोनदा डोकावून पाहिलं, तिसऱ्यांदा चहा घेऊन आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, होतं असं कधी कधी, वहिनींचा राग उतरेल संध्याकाळपर्यंत. आता सगळ्या गल्लीला वाटतंय की मला घराबाहेर काढलंय. डबीने त्या तासाची नोंद केली नव्हती. पण शिंप्याने केली.

इथे मला नाइलाजाने जुना विषय काढावा लागतो, कारण फॉर्ममध्ये ‘मागील अपघात’ असा एक रकाना आहे आणि माझ्या नावावर एवढा एकच आहे. तुझ्या निवृत्तीच्या दिवशीचा. सगळे नातेवाईक अंगणात, तू नवा सदरा घालून पायरीवर उभा, आणि मी तुझ्या फाटकातून गाडी आत घेताना डाव्या खांबाला घासली. घासली म्हणजे खांबावरचा दिवा पडला आणि माझा कोपरा आत गेला. दुसरा कोणी भाऊ असता तर ‘लागलं तर नाही ना’ म्हणाला असता. तू घरात गेलास आणि टेप घेऊन आलास. अंगात नवा सदरा, आणि गुडघ्यावर बसून खांबापासून कोपऱ्यापर्यंत मोजलंस, कोपऱ्यापासून चाकापर्यंत मोजलंस, खिशातून वही काढलीस आणि पन्नास माणसांसमोर मोठ्याने वाचून दाखवलंस: चालकाचा निष्काळजीपणा, खांबाचा दोष नाही. लोक हसले. मेहुणे म्हणाले, चष्मेवाल्यालाच खांब दिसला नाही. हे वाक्य आजही माझ्या दुकानात येऊन गिऱ्हाइकं मला ऐकवतात, पैसे देता देता ऐकवतात.

त्यावर मी जे बोललो ते मला बोलायला नको होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका मोजल्यास, स्वतःची एक तरी मोजलीस का, असं मी म्हणालो, तेही वहिनींच्या फोटोसमोर. आणि तू म्हणालास, पुन्हा या फाटकातून गाडी आत आणू नकोस. मी गाडी तशीच मागे घेतली. (मागे घेताना उजवा खांब थोडक्यात वाचला. तो तू मोजला नाहीस.) तुला काय म्हणायचं ते म्हण, तो खांब सहा इंच आत आहे. पण ते असो. माझा प्रश्न एवढाच, की जिथे पाहणीच सख्ख्या भावाने केली तो अपघात फॉर्ममध्ये लिहायचा असतो का?

आता मुख्य घटना. महिन्याच्या चौथ्या रविवारी मी घाऊक बाजारातून फ्रेमा आणतो असं सांगून सकाळी साडेदहाच्या सुमाराला बाहेर पडलो. वाटेत एका गल्लीत थोडा थांबलो. कुठली गल्ली ते इथे महत्त्वाचं नाही. एका लॉन्ड्रीसमोर गाडी उभी केली. तिथे ‘गाडी लावू नये’ अशी पाटी आहे, म्हणून चारही इंडिकेटर चालू ठेवले. (इंडिकेटर चालू असले की गाडी लावलेली नसते, नुसती थांबलेली असते, असा माझा समज आहे. बरोबर आहे का?) असा चाळीस मिनिटं थांबलो. निघायला म्हणून किल्ली फिरवली तर टक. पुन्हा टक. मग टकसुद्धा नाही. इंडिकेटरांनी बॅटरी पिऊन टाकली होती. अंगातून घामाच्या धारा लागल्या. बाहेर पडून कोणाला धक्का मारा म्हणावं तर बाहेर पडायची सोय नव्हती. (का नव्हती ते राहू दे.) सीटवर जमेल तेवढा खाली सरकलो आणि देवाचा धावा करत बसलो.

आणि दादा, काय सांगू, वीस मिनिटांत गाड्या उचलून नेणारा ट्रक आपण होऊन दारात हजर! मी कोणाला फोन केला नाही, कोणाला हाक मारली नाही. ड्रायव्हर उतरला, काही विचारलं नाही, सरळ साखळ्या लावायला लागला. मी म्हटलं, अहो, तुम्हाला कोणी सांगितलं? तो म्हणाला, साहेबांनी सांगितलंय, घरपोच सोडायचं, पैसे घ्यायचे नाहीत. विमा कंपनीच्या साहेबांनी! म्हणजे डबीने बॅटरी गेल्याचं ओळखलं, साहेबांना कळवलं आणि साहेबांनी ट्रक धाडला. कमाल पुढेच आहे. मी माझ्या गाडीत जाऊन बसायला लागलो, म्हटलं ट्रकवर असली तरी आपली गाडी आपण सांभाळावी, तर तो म्हणाला, साहेबांनी बजावलंय, ते स्वतःच्या गाडीत चढून बसायला बघतील, त्यांना बसू देऊ नको, पुढे घे आणि पट्टा लाव. एका महिन्यात कंपनीला माझा स्वभावसुद्धा कळला! तुमच्या वेळी होतं का असं? नवीन विम्याच्या बाजूने माझं मन झुकतंय ते या एका गोष्टीमुळे.

पण तिकडे घरी वेगळंच रामायण. इंजिन बंद आणि गाडी धावते आहे, हे डबीला पटेना. तिने तुझ्या भावजयीच्या फोनवर लाल अक्षरांत कळवलं की आपलं वाहन चोरीला जात आहे. ती बिचारी शिंप्याला घेऊन पोलिस चौकीच्या वाटेला लागली आणि तिथून मला फोन केला, अहो, गाडी चोरली! मी म्हटलं, माहीत आहे, मी चोराच्या शेजारीच बसलोय. पुढची दहा मिनिटं ती काय बोलली ते ड्रायव्हरलाही ऐकू गेलं. उतरताना त्याने माझा हात हातात घेऊन दाबला.

त्या संध्याकाळी तिने चष्मा लावला आणि मोबाइलवरचा नकाशा उघडला. तिथे महिन्याभराचा प्रवास निळ्या रेघांनी काढलेला असतो. चार रविवारांच्या चार रेघा, एकावर एक, घरापासून त्या गल्लीपर्यंत. घाऊक बाजार अगदी उलट दिशेला आहे, शिवाय तो रविवारी बंद असतो, हे मी तीस वर्षं चष्म्याच्या धंद्यात असून विसरलो होतो. ती त्या ठिपक्याकडे पुष्कळ वेळ बघत राहिली. मी काय काय उत्तरं तयार ठेवली होती! तिने फोन बंद केला आणि विचारलं, भाजी कुठली करू? बस. तेव्हापासून ती माझ्याशी विलक्षण गोड वागते आहे. न मागता दुसरा चहा मिळतो. दादा, संसाराला चौतीस वर्षं झाली, मला दुसरा चहा न मागता कधी मिळालेला नाही. माझी झोप उडाली आहे.

तर आता तूच सांग, जुना विमा चालू ठेवू की नवा घेऊ? जुन्यात डोक्याला ताप नाही, पण न केलेल्या प्रवासाचे पैसे जातात. नव्यात पैसे वाचतात, पण माणूस कुठे जातो आणि कुठे जाऊन नुसता बसतो ते सगळं घरात कळतं. तुझं उत्तर शुक्रवारच्या आत आलं तर बरं. नाही आलं तरी तक्रार नाही. गोळी घेत जा. थंडीचं अंगणात अनवाणी फिरू नकोस.

तुझा,
(निष्काळजी) धाकटा

ता. क. – मूळ अडचण लिहायची राहिलीच. फॉर्ममध्ये विचारलंय, येत्या वर्षी गाडी किती किलोमीटर चालवाल? हाच तो रकाना. मी कागद घेऊन हिशोब मांडला. तुझ्या घरापासून आमच्यापर्यंत अकरा किलोमीटर, जाऊन येऊन बावीस. बावन्न रविवार. झाले अकराशे चव्वेचाळीस. उरलेले छत्तीस गॅरेजला जाण्यायेण्यात गेले. वर्षभरात ही गाडी दुसरीकडे कुठे गेलेलीच नाही रे. तू फाटकातून आत आणू नकोस म्हणालास, लॉन्ड्रीसमोर उभी करू नकोस असं म्हणाला नव्हतास, म्हणून तिथे थांबत होतो. तू अकराला बाहेर येऊन झाडांना पाणी घालतोस. तू आत गेलास की मी निघतो. दर रविवारी ठरवून येतो की आज उतरायचं, आणि उतरणं काही होत नाही. आता तूच सांग, रकान्यात काय लिहू? तू फाटक उघडणार असलास तर मी बुधवारीही येईन, मग पंधराशे पुरायचे नाहीत. उघडणार नसलास तर छत्तीस किलोमीटरसाठी विमा कशाला काढायचा, न्हाव्याचं ऐकून गाडीच काढून टाकतो. तुझ्या उत्तराशिवाय मला फॉर्म भरता येत नाही.

ता. क. दुसरा – गुडघा उजवा दुखतो तर काठी डाव्या हातात धर. तू उजव्या हातात धरतोस. चार महिने बघतोय, काचेच्या आतून ओरडावंसं वाटतं.

(इथून पुढे माझं अक्षर आहे, भाऊजी. पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून पाकीट चिकटवायच्या आधी दोन ओळी लिहिते. नमस्कार. ट्रक डबीने बोलावला नव्हता, हे यांना मी अजून सांगितलेलं नाही. त्या दिवशी अंधार पडायच्या आत तुमचा फोन आला, ‘पोचला का तो नीट?’ एवढंच विचारलंत आणि ठेवून दिलात. तुमच्या जुन्या ओळखीचा ट्रकवाला, म्हणून तुम्हाला पैसेही द्यावे लागले नसतील. लागले असतील तर यांना कळू देऊ नका. वर्षभर हे काचेआडून बघतात, तुम्ही पडद्याआडून बघता, आणि झाडं मात्र जास्त पाण्याने मेली असतील. आता पुरे. रविवारी अकराला आम्ही दोघं येतो. गाडी मी आत घेईन, तुम्ही टेप बाहेर काढू नका. आणि त्या फॉर्मची काळजी करू नका, तो मी कालच विमावाल्याला देऊन टाकला. किलोमीटरच्या रकान्यात पाच हजार लिहिलेत.)